दसरा हुकला, तो एका दिवसाने

24 ऑक्टोबर 2023, मंगळवार. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीत सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. आमच्या काउंटरवर नेहमीचीच सरमिसळ रांग होती: एकाला गाडीची नंबर प्लेट हवी होती, एका जोडप्याला लग्नाचा परवाना, एका आजींना ओळखपत्र. अल्बर्टात 1993 पासून ही सगळी कामं सरकारच्या वतीने खासगी रजिस्ट्री ऑफिसं करतात. याच काउंटरवर कंपनीही जन्माला येते. आपल्याकडे कंपनी म्हणजे थेट केंद्र सरकारचं खातं; इथे प्रांताकडे नोंदवा नाहीतर केंद्राकडे, निवड आपली.

पाटीवरचं माझं नाव वाचून रांगेतल्या एका काकांनी लगेच मराठी सुरू केलं. "पोरी, आज दसरा. आजच्या तारखेचं सर्टिफिकेट पाहिजे." सोबत भाचा. फराळाचा धंदा, दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आलेल्या, भाड्याच्या किचनचा करार कंपनीच्या नावाने करायचा होता. पैसा काकांचा, कढईसमोर उभा राहणार भाचा.

कागद व्यवस्थित होते. आर्टिकल्स (कंपनीच्या स्थापनेचा मूळ कागद), पत्ता, संचालक दोघं, कंपनीच्या नावाने येणारी नोटीस घ्यायला अल्बर्टात राहणारा माणूस म्हणून भाचा. (2021 पासून संचालक कॅनडाचा रहिवासी असण्याची अट इथे राहिलेली नाही, पण नोटीस घेणारा माणूस मात्र इथलाच लागतो. पुण्यात बसून कंपनी काढू बघणारे नेमके इथे अडतात.) सरकारी फी 275 डॉलर, वर आमचा सेवाआकार. आणि न्युआन्स रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावासारखी आणखी कोणती नावं आधीच नोंदलेली आहेत त्याची यादी. नाव होतं 'तुळजाई फूड्स लिमिटेड'. वेगळी ओळख देणारा शब्द, धंद्याचा शब्द, शेवटी लिमिटेड. तिन्ही जागच्या जागी.

रिपोर्टची तारीख बघितली आणि माझी बोटं थांबली. 25 जुलै. हा रिपोर्ट 90 दिवस चालतो. मी कॅलेंडरवर दोनदा मोजलं. नव्वदावा दिवस काल होता.

"एका दिवसाने काय बिघडतं?" काका म्हणाले. सिस्टीमचं बिघडतं.

तेवढ्यात भाचा हळूच म्हणाला, "काका, मी म्हटलं होतं ना. आपण साडेअकरा तास मागे आहोत. इथल्या सूर्योदयाला दशमी कालच होती." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला स्क्रीनकडे बघावं लागलं. खरंच, इथल्या पंचांगाने आले असते तर काम पाच मिनिटांत झालं असतं.

नवा रिपोर्ट मागवला. तासाभराने आला आणि त्यात मधल्या काळात नोंदलेलं, एका अक्षराच्या फरकाचं नाव. रजिस्ट्री अडवते ती हुबेहूब तेच नाव असेल तर. सारखं असेल तर जबाबदारी तुमची. उद्या त्या कंपनीने तक्रार केली तर नाव बदलायला लागू शकतं. एवढं मी सांगितलं. "मग घेऊ का नको?" काकांनी विचारलं. इथे माझं तोंड बंद. आम्हाला कायदेशीर सल्ला द्यायची परवानगी नाही. फॉर्मात काय राहिलंय ते सांगायचं, काय लिहावं ते नाही. आपल्या माणसाला असं कोरडं उत्तर देताना जीभ जड होते.

पण कोणते मार्ग आहेत ते सांगता येतं. नाव न देता आकड्याची कंपनी निघते: रजिस्ट्री देईल तो क्रमांक, पुढे 'अल्बर्टा लिमिटेड'. त्याला न्युआन्स लागत नाही. नाव नंतर दुरुस्ती करून लावता येतं. काकांनी घड्याळ बघितलं, भाच्याने मान हलवली. प्रिंटरमधून सर्टिफिकेट आलं तेव्हा भारतात पंचवीस तारीख लागली होती, पण छापलेली तारीख चोवीसच. काकांनी क्रमांकातल्या आकड्यांची बेरीज केली. नऊ आली. खूश झाले.

निघताना त्यांनी विचारलं, "यात माझी निम्मी मालकी कुठे लिहिलीय?"

नव्हती लिहिलेली. आर्टिकल्समध्ये शेअर कोणत्या प्रकारचे निघू शकतात तेवढं येतं. संचालक म्हणजे मालक नव्हे. कुणाला किती शेअर दिले ते कंपनीच्या वहीत, ठराव करून लिहायचं असतं. "वकिलाकडे जाऊन या," मी म्हटलं. एवढं मला म्हणता येतं. पण त्यांच्या डोक्यात चकल्या होत्या. नावासाठी तीन महिने, मुहूर्तासाठी एक अख्खा दिवस, आणि या प्रश्नासाठी कोट घालताघालता अर्धा मिनिट. मी रोज बघते हे.

नोव्हेंबर 2024 मध्ये दोघं परत आले, पहिल्या वार्षिक रिटर्नसाठी, म्हणजे कंपनीची माहिती रजिस्ट्रीला कळवायच्या फॉर्मसाठी. दर वर्षी, कंपनी ज्या महिन्यात निघाली त्याच्या पुढच्या महिनाअखेरपर्यंत ते भरायचं असतं. धंदा बरा चालला होता; माझ्यासाठी शंकरपाळ्यांची पुडीही होती. रिटर्नमध्ये एक रकाना आहे: भागधारकाचं नाव, मतदानाचे शेअर किती टक्के.

"वहीत काय लिहिलंय?" मी विचारलं. वही कोरी होती.

"तुम्ही सांगा काका," भाचा म्हणाला. "नाही, तू सांग." मागे रांग दारापर्यंत गेलेली. बाजूला बसून ठरवा म्हटलं आणि पुढचा नंबर पुकारला. दोन नंबर प्लेटा आणि एक लायसन्स झाल्यावर वर बघितलं, तर दोघं खिडकीपाशी शेजारीशेजारी बसलेले, फॉर्म काकांच्या मांडीवर, पेनाचं टोपण अजून लावलेलंच.