तांदी ते कारू : वीस लिटर पेट्रोल आणि डिकीतला तेलाचा डबा

मनालीहून लेहकडे निघाल्यावर अटल बोगद्यातून बाहेर पडले की थोड्याच वेळात तांदी लागते. येथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होतो आणि हेच पाणी पुढे चिनाब म्हणून वाहत जाते. परंतु संगम पाहण्यासाठी थांबलेला प्रवासी मला तरी तेथे दिसला नाही. सगळे थांबतात ते पेट्रोल पंपासाठी, कारण पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची तेथील पाटी आता संगमापेक्षा अधिक प्रसिद्ध झाली आहे. पाटीसमोर फोटो काढून झाला की मंडळींच्या पोटात गोळा येतो आणि मग हाताला लागेल त्या भांड्यात पेट्रोल भरून घेण्याची घाई सुरू होते. पाण्याच्या बाटल्या, पाच लिटरचे खाद्यतेलाचे डबे आणि मनालीच्या बाजारात लोकरी टोप्यांशेजारी टांगलेले पातळ प्लॅस्टिकचे कॅन अशी सारी भांडी तेथे रांगेत उभी होती.

खरे सांगायचे तर तांदीहून सरळ लेहला जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना जादा पेट्रोलची गरजच नसते. पंचेचाळीस लिटरची टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि सामानाने लादलेली गाडी घाटात लिटरला अकरा-बाराच किलोमीटर देत असेल, तरी लेहच्या अलीकडच्या कारू गावचा पंप आरामात गाठता येतो. आमची गोष्ट थोडी वेगळी होती. आम्हाला मोरे मैदानानंतर डेबरिंगजवळ मुख्य रस्ता सोडून त्सो कार आणि त्सो मोरिरी ही सरोवरे पाहायची होती आणि मग माहे-चुमाथांगवरून कारूला उतरायचे होते. हा वळसा टाकीच्या हिशेबात बसत नव्हता, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून मी वीस लिटरचा लष्करी पद्धतीचा पत्र्याचा जेरीकॅन घेतला होता.

या कॅनविषयी थोडे लिहिल्यावाचून मला राहवत नाही. त्याची घडण १९३७ च्या सुमारास जर्मनीत झाली आणि तिच्यात बदल करावासा फारसा कोणाला वाटलेला नाही. वरच्या बाजूला तीन दांडे असतात, त्यामुळे भरलेला कॅन मधल्या दांड्याने एकाला किंवा बाजूच्या दांड्यांनी दोघांना उचलता येतो. दोन्ही अंगांना दाबून काढलेल्या खाचांमुळे आतला दाब वाढला तरी पत्र्याला थोडे फुगायला वाव मिळतो. झाकणाला आटे नसून खटका असतो आणि त्याखाली रबरी वॉशर असतो. माझ्या कॅनचा वॉशर वाळून टणक झालेला होता. तो बदलला, टॉर्च लावून आतला गंज पाहिला आणि पाणी भरून कॅन रात्रभर न्हाणीघरात उलटा ठेवला. घरच्यांनी त्यावर बरीच थट्टा केली, परंतु फरशी सकाळी कोरडी होती. कायदाही याच बाजूचा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात परवान्याशिवाय जवळ बाळगायच्या पेट्रोलसाठी घट्ट बंद होणारी काचेची, चिनीमातीची किंवा धातूची भांडी सांगितली आहेत. त्यांपैकी काचेचे व चिनीमातीचे भांडे एक लिटरपर्यंतचे आणि धातूचे पंचवीस लिटरपर्यंतचे चालते. खाद्यतेलाच्या प्लॅस्टिकच्या डब्याचे नाव त्यात नाही.

तांदीच्या पंपावरचा मुलगा या बाबतीत जाणकार निघाला. कॅन डिकीतच राहू द्या आणि तेथेच भरा, असे आमच्या पुढच्या गाडीतले गृहस्थ त्याला सांगत होते, परंतु त्याने ते मानले नाही. प्रत्येक भांडे त्याने खाली जमिनीवर ठेवायला लावले आणि माझ्या कॅनच्या तोंडाला नळीचे धातूचे टोक टेकवूनच पेट्रोल सोडले. गाडीतल्या गालिच्यावर किंवा प्लॅस्टिकवर ठेवलेल्या कॅनमध्ये पेट्रोल पडताना साठणाऱ्या स्थिर विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही. पेट्रोलची वाफ तर शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेऊ शकते, म्हणजे तांदी ज्यात येते त्या लाहौलच्या थंडीचा या कामी काडीचाही उपयोग नाही. कॅन काठोकाठ न भरता वर रिकामी जागा ठेवायची असते, हेही त्याला सांगावे लागले नाही. वीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर जवळजवळ चारशे मिलिलिटरने वाढते आणि त्या वाढीला जागा मिळाली नाही तर ते झाकणातूनच वाट काढते.

भरलेला कॅन आम्ही टपावरच्या कॅरिअरच्या पुढच्या भागात, लाकडी खोक्यात उभा ठेवून दोन रुंद पट्ट्यांनी आवळला आणि वरून उन्हासाठी गोणपाट टाकले. टपावर ठेवण्यात तोटा आहे, कारण एकोणीस-वीस किलोंचे ओझे उंचावर गेले की गाडी वळणावर झुकते आणि ऊनही लागते. गाडीच्या मागच्या दाराला अडकवलेला कॅन दिसायला रुबाबदार असला तरी मागून कोणी धडकले तर पहिला मार तोच खातो. आतल्या डिकीचा पर्याय मात्र मला मुळीच मान्य नाही, कारण आजच्या बहुतेक गाड्यांत डिकी आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये भिंतच नसते.

हे पटवून देण्याची वेळ वाटेतल्या सरचूच्या तंबूंतल्या मुक्कामी आली. समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरांहून अधिक उंचीवरची ती रात्र बहुतेकांना डोकेदुखीतच काढावी लागते, त्यामुळे शेजारच्या तंबूतील नाशिकच्या कुटुंबातील आठ-नऊ वर्षांची मुलगी संध्याकाळपासून ओकत आहे हे ऐकून कोणालाही नवल वाटले नाही. कोणी लसणाच्या पाकळ्या आणून दिल्या, कोणी कापूर हुंगायला दिला, कोणी ऑक्सिजनच्या डब्याचा फवारा मारला. माझी बायको आल्याचा चहा घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "अहो, त्या पोरीच्या स्वेटरला पेट्रोलचा वास येतोय."

मी गेलो तेव्हा मुलीचे वडील गाडीतच बसून होते. डिकी उघडायला सांगितल्यावर ते जरा नाराजीनेच उतरले. पिशव्या बाजूला केल्या तर तळाशी खाद्यतेलाचे दोन डबे आडवे पडलेले होते. त्यांपैकी एक भोपळ्यासारखा फुगला होता, झाकणाच्या आतली पातळ चकती मऊ होऊन सुरकुतली होती आणि आट्यांतून पेट्रोल पाझरून मुलीच्या कपड्यांच्या पिशवीत मुरले होते. तिला आईने त्यातलाच स्वेटर घातला होता. बारालाचा ला ही खिंड ओलांडताना थंडी वाजते म्हणून त्यांनी काचा पूर्ण बंद ठेवल्या होत्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठते आणि मागच्या आसनावर आडवे झोपलेले मूल नेमके तिच्या पातळीवर येते.

"वास तर येत होता हो दादा," ते म्हणाले, "पण आम्हाला वाटलं, पंपावर हाताला लागलं असेल."

विरळ हवेचा त्रास आणि पेट्रोलच्या वाफेचा त्रास दोन्ही डोकेदुखी, मळमळ आणि गरगरणे यांनीच सुरू होतात, म्हणून अशा उंचीवर ही चूक अंगावर येते. मुलीचा सगळाच त्रास पेट्रोलचा होता असे मी म्हणणार नाही, कारण उंची तीच होती आणि त्या रात्री आम्हीही काही धडधाकट नव्हतो. तरीही कपडे बदलून, तोंड-हात साबणाने धुऊन, आमच्या तंबूत मोकळ्या हवेच्या बाजूला झोपवल्यावर तासा-दीड तासात तिने बिस्किट मागितले.

डब्यांचे काय करायचे, यावर खरा वाद झाला. मुलीचे वडील ते तंबूत आणू पाहत होते, कारण बाहेर चोरी होईल अशी त्यांना धास्ती होती. तंबू चालवणाऱ्या बाईने दारातच वाट अडवली आणि "अंदर चूल्हा जल रहा है, एक बूंद भी अंदर नहीं आएगा," असे इतक्या ठामपणे सुनावले की विषयच मिटला. तिने माझा कॅनही टपावरून उतरवून वाऱ्याच्या आडोशाला, तंबूपासून लांब, दगडांच्या बांधामागे ठेवायला लावला. एरवी या रस्त्यावरच्या पाहुणचाराबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पातळ वरण आणि ओलसर रजया यांचे दर ऐकून माणूस थक्क होतो. पण त्या बाईला मी सकाळी ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊन निघालो. फुगलेला डबा मात्र रात्रीच सावकाश सैल करून त्यांच्या गाडीच्या टाकीत ओतून टाकला होता, आणि दुसराही. टाकीत तेवढी जागा केव्हाच झाली होती, परंतु "अडीअडचणीला असू द्या" म्हणून ते डबे तसेच वाहून आणले गेले होते.

या सवयीचाच मला सर्वांत अधिक राग येतो. पेट्रोलसाठी गाडीत सर्वांत सुरक्षित जागा तिची स्वतःची टाकी आहे, आणि कॅन केवळ टाकीत जागा होईपर्यंत जवळ ठेवायचा असतो. आम्ही पांग सोडून मोरे मैदानावर आलो तेव्हा काटा हवा तितका उतरला होता. इंजिन बंद केले, ते निवू दिले, गाडी वाऱ्याच्या हिशेबाने उभी केली आणि अग्निशामकाचे एक किलोचे पावडरचे नळकांडे हाताशी ठेवले. पाणी येथे निरुपयोगी असते, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते आणि आगही त्याच्याबरोबर जाते. लाचुलुंग ला ५,००० मीटरांहून उंच आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने जेमतेम निम्मा उरतो, त्यामुळे तो ओलांडून आलेल्या कॅनच्या दोन्ही अंगांच्या खाचा बाहेर आल्या होत्या. तोंडावर जाड फडके धरून, चेहरा बाजूला वळवून मी खटका किंचित उचलला तेव्हा बराच वेळ फुस्स असा आवाज येत राहिला.

त्सो कार आणि त्सो मोरिरी सुंदर आहेत. त्यांच्याविषयी पुष्कळांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. कारूला टाकी भरली, कॅन रिकामाच ठेवला. रिकाम्या कॅनमध्ये वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते व ते भरलेल्या कॅनपेक्षा अधिक सहज भडकते, म्हणून लेहच्या हॉटेलमालकाला विचारून तो अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात झाकण उघडे ठेवून वाळत घातला. पुढे नुब्रा खोऱ्यात जाताना तो बरोबर नेला नाही, कारण तेथील दिस्कितला पंप आहे.

त्याच अंगणात पाच-सहा गाड्या उभ्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकांच्या टपावर प्लॅस्टिकचे भरलेले कॅन उन्हात तापत होते. लेह शहरात पंप असताना हे कशासाठी, असे मी त्यांतल्या एका कोल्हापूरकर गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, "परत जाताना लागेल की." त्यांचा परतीचा प्रवास श्रीनगरमार्गे होता, आणि त्या रस्त्यावर कारगिललाही पंप आहे.