फोटोसेलच्या जागी तारेचा तुकडा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराचे सरकते लोखंडी गेट आम्ही गेल्या वर्षी मोटरवर घेतले. रिमोटचे बटण दाबले की गेट सरकते एवढे पाहून मी पैसे चुकते केले. पावसाळ्यात ते मध्येच अडकू लागले, म्हणून झाकण उघडले, तेव्हा कंट्रोल बोर्डावर फोटोसेलच्या, म्हणजे वाटेत कोणी आले की किरण तुटल्याने ते ओळखणाऱ्या उपकरणाच्या, दोन टर्मिनलांमध्ये तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा जोडलेला आढळला. दोन्ही खांबांवर फोटोसेल होते, त्यांतले दिवेही लागत होते. पण वाटेत कोणी उभे असते तरी बोर्डाला ते कळले नसते.

फोटोसेलचा संपर्क (आतला स्विच) एनसी, म्हणजे एरवी मिटलेला, जोडलेला असतो. अदृश्य किरण तुटला की तो उघडतो आणि बंद होत असलेले गेट थांबून मागे फिरते. ही उलटी वाटणारी रचना मुद्दाम केलेली आहे, कारण उंदराने वायर कुरतडली किंवा फोटोसेलचा पुरवठा गेला तरी संपर्क उघडतो आणि गेट बंद होणे नाकारते. टर्मिनल शॉर्ट केले की बोर्डाला सारे काही कायम ठीकच दिसते. अनेक बोर्ड कारखान्यातूनच असा जंपर लावून येतात आणि फोटोसेल जोडताना तो काढायचा असतो. त्यामुळे हा तुकडा वायरमनने मागाहून घातला की मुळातलाच राहिला, हे मी सांगू शकत नाही. काम ताब्यात घेताना किरणात साधे खोके धरून पाहिले नाही, ही चूक मात्र माझी.

गेट अडकण्याचे कारण निराळेच निघाले. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोटरचा ओटा उथळ पायावर असल्याने तो किंचित उचलला गेला होता आणि गेटचा भार रॅकमधून, म्हणजे गेटला लावलेल्या दातेरी पट्टीतून, मोटरच्या पिनियनवर, म्हणजे दातेरी चाकावर, येत होता. गेटचे वजन चाकांनीच पेलले पाहिजे. रॅक आणि पिनियन यांत एक ते दोन मिलिमीटर फट हवी. अशा वेळी मोटरचा जोर वाढवून गेट पुढे रेटण्याचा मोह होतो, पण त्याच जोराखाली उद्या माणूस सापडू शकतो. युरोपीय मानकानुसार अरुंद फटीत गेटचा दाब ४०० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाच्या भाराच्या, वर जाता कामा नये. म्हणून मी जोर होता तेवढाच ठेवला आणि रॅक उचलून फट नीट करून घेतली.

झाकण उघडण्यापूर्वी एमसीबी, म्हणजे वीजपुरवठा तोडणारा स्विच, बंद करावा, बॅकअप बॅटरी असल्यास तीही सोडवावी आणि कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरण्यासाठी काही मिनिटे थांबावे. २३० व्होल्टची केबल आणि फोटोसेलच्या बारीक वायरी एकाच पाइपातून नेल्या होत्या; त्या वेगळ्या केल्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला आणि मोटरच्या बॉडीला स्वतंत्र अर्थिंग दिले. पाइपांची तोंडे बंद केली, कारण आत पालीने मुक्काम ठोकला होता. रुळाच्या दोन्ही टोकांना लोखंडी अडसर आहेत, हेही पाहिले. गेट टोकाला पोचल्यावर मोटर थांबवणारा लिमिट स्विच चुकला तर अवजड गेट रुळावरून उतरून पडू नये, याची शेवटची हमी तेच देतात आणि या साऱ्यात मी त्यांना सर्वांत वरचे स्थान देईन.

२०१९ च्या महापुरात इथे वीज गेल्यावर काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. म्हणून मोटर मोकळी करण्याची चावी आता दाराआड टांगलेली असते आणि आईसुद्धा ती फिरवून गेट हाताने सरकवू शकते.

तारेचा तुकडा काढल्यावर मात्र गेट बंदच होईना. तासभर शोधल्यावर लक्षात आले की एका खांबावरचा रिसीव्हर, म्हणजे फोटोसेलचा किरण टिपणारा भाग, बोटभर तिरका बसवला होता. दोन स्क्रू सैल करून तो सरळ केला, तेव्हा बोर्डावरच्या दिव्याची स्थिती बदलली आणि गेट बंद झाले.