मनगटाचं ऑपरेशन अडलं थायरॉईडच्या क्वेरीवर

हाताला सारख्या मुंग्या येत असतील तर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि साखर तपासून घ्या, आणि तो पहिला रिपोर्ट जपून ठेवा. का ते सांगते.

मी बिबवेवाडीत ब्लाऊज शिवते. रात्री उजवा हात बधिर होऊन जाग यायची, झटकला की बरं वाटायचं. अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळी मात्र ठणठणीत. हूक लावताना सुई चिमटीत आहे की पडली, हे बघितल्याशिवाय कळेना. एनसीव्हीत, म्हणजे नसांच्या तपासणीत, मनगटाशी मीडियन नस दबल्याचं निघालं, कार्पल टनेल. डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला लावलं, तर टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉईड कमी पडत होतं. थायरॉईड कमी पडलं की सूज येऊन मनगटातल्या अरुंद जागेत ही नस चेपते. मधुमेह, संधिवात, गरोदरपण यांतही हा त्रास होतो. गोळी सुरू केली, रात्री पट्टा बांधला, पण अंगठ्याच्या मुळाशी मांस झडायला लागलं होतं, म्हणून ऑपरेशन ठरलं.

ॲडमिट व्हायच्या दिवशी सकाळीच विमा कंपनीकडे कॅशलेसचे कागद गेले. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे तासाभरात निर्णय हवा. मंजुरीऐवजी आली ती कंपनीची क्वेरी: थायरॉईड कधीपासून? केसपेपरवर नुसतं ‘हायपोथायरॉईड, औषध चालू’ लिहिलेलं, कधीपासून ते नाहीच. आमची पॉलिसी दुसऱ्या वर्षातली. आजार आधीचा ठरला तर ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकतात. तारखेचा रिपोर्ट माझ्या पिशवीत होता! पण डेस्कवरची मुलगी म्हणे, “काकू, रिपोर्ट नाही चालणार, डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र लागेल.” डॉक्टर ओटीत. मिस्टर दाराशी उभे राहिले. दुपारी पत्र मिळालं, तर त्यात तारीखच नाही! शेवटी मीच डेस्कवरच्या मुलीला म्हटलं, “मी मजकूर सांगते, तू टाइप कर.” निदान अमुक तारखेला, पॉलिसी घेतल्यानंतर, त्याआधी कुठलंही औषध नाही. एवढं लिहून सही झाली आणि संध्याकाळी मंजुरी आली. हीच एक ओळ सकाळी केसपेपरवर असती तर दिवस वाया गेला नसता. म्हणून सांगते, हिस्टरी लिहून झाली की कागद मागून घ्या आणि ‘कधीपासून’ लिहिलंय का ते स्वतः वाचा.

ऑपरेशन हाताला भूल देऊन झालं, त्याच दिवशी घरी सोडलं. रात्रीच्या मुंग्या गेल्या. चिमटीतली ताकद हळूहळू येतेय, पण हूक पुन्हा मीच लावते.

आणि हो, एनसीव्हीला जाताना हाताला तेल-क्रीम लावू नका, बांगड्या काढून जा. ऑपरेशन झालं म्हणून थायरॉईडची गोळी मात्र मनाने बंद करू नका.