घर सांभाळून वर्षाला अडीच हजार पानं: वाचनसंकल्पाचा माझा अनुभव

घरात लहान मुलं, नोकरीच्या वेळा, मोठ्यांची औषधं आणि दवाखान्याच्या फेऱ्या असल्या की वाचनाचा संकल्प बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बारगळतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: वेळच मिळत नाही. माझ्या मते वेळ मिळतो, पण तुकड्यांनी मिळतो, आणि घोडं अडतं ते प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला. पुस्तक उघडल्यावर आपण कुठे होतो, हा माणूस कोण, वाद कशावरून चालला होता, हे जुळायलाच तीन-चार मिनिटं जातात. वीस मिनिटांच्या बैठकीत ती खपून जातात. सात मिनिटांच्या फटीत मात्र निम्मा वेळ त्यातच संपतो आणि हात आपोआप फोनकडे वळतो, कारण फोन बघायला मागचं काही आठवावं लागत नाही. म्हणून संकल्पाची सगळी आखणी मी एकाच हेतूने करतो: पुस्तकात परत शिरणं सोपं व्हावं.

आधी आकडा. वर्षाला ५२ पुस्तकं, म्हणजे आठवड्याला एक, हा संकल्प ऐकायला छान वाटतो. त्याचा हिशोब करून बघावा. सरासरी २५० पानांचं पुस्तक धरलं तर १३,००० पानं झाली. दहा मिनिटांत सहा पानं या वेगाने त्याला रोज जवळजवळ एक तास लागतो, तोही वर्षात एकही खाडा न करता. घरसंसारात हे जमणारी माणसं असतील, पण बहुतेकांसाठी तो आकडा पहिल्याच महिन्यात ओझं होतो.

त्यापेक्षा आपला वेग मोजून घ्यावा. घड्याळ लावून दहा मिनिटं एक कादंबरी वाचा, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं एखादं वैचारिक पुस्तक. पानं मोजा. माझ्या बाबतीत कादंबरीची सात-आठ पानं होतात आणि वैचारिक पुस्तकाची चार. हे मोजमाप रोज ज्या वेळी वाचणार त्याच वेळी करायचं. सुट्टीच्या सकाळी निवांत बसून मोजलेला वेग आणि दिवसभराच्या दगदगीनंतरचा वेग यांत बराच फरक पडतो, आणि पहिल्यावर आखलेला संकल्प दुसऱ्यावर मोडतो.

मग आठवडे मोजा. परीक्षांचे दिवस, लग्नकार्यं, पाहुणे, प्रवास, कार्यालयातली वर्षअखेर आणि आजारपणासाठी थोडा हात राखून मी वर्षातले दहा आठवडे सरळ शून्य धरतो. उरले ४२. त्यांत आठवड्यातले पाचच दिवस, रोज २० मिनिटं. याची ४,२०० मिनिटं, म्हणजे ७० तास झाले. दहा मिनिटांत सरासरी सहा पानं धरली तर २,५२० पानं, साधारण दहा मध्यम आकाराची पुस्तकं. हा आकडा लहान वाटत असेल तर वाटू द्या. यात खाडे आधीच धरलेले आहेत, त्यामुळे मूल तापाने फणफणलं म्हणून चार दिवस पुस्तक उघडलं नाही, तरी संकल्प तुटत नाही.

संकल्प पुस्तकांत मोजण्यापेक्षा पानांत मोजावा, असं मी आग्रहाने सांगेन. पुस्तकं मोजायला लागलं की हात नकळत बारीक पुस्तकांकडे जातो. ११० पानांचंही एक आणि ६०० पानांचंही एकच. ज्या जाड कादंबरीसाठी वाचनाचा घाट घातला तीच मग कपाटात राहते. पानांत मोजल्यावर हा प्रश्न सुटतो. कवितासंग्रहाचं पान पटकन उलटतं हे खरं, पण कविता दोनदा-तीनदा वाचली जाते, म्हणून मी तिला सवलतही देत नाही आणि तिची पानं कापतही नाही. ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की पानांचा अर्थच उरत नाही, तिथे टक्के धरावेत: छापील आवृत्ती ३०० पानांची असेल तर दहा टक्के म्हणजे ३० पानं. मुलांना मोठ्याने वाचून दाखवलेली पुस्तकं मोजायची का, हेही सुरुवातीलाच ठरवून टाका. मी त्यांचा वेगळा रकाना ठेवतो. वर्षाच्या मध्यात नियम बदलायला लागलो की आकड्यावरचा आपलाच विश्वास उडतो.

आता वीस मिनिटं कुठली? रात्री सगळं आवरल्यावर आडवं होऊन वाचायचं, ही सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवी वेळ. पाठ टेकली की पापण्या जड होतात, त्याच ओळीवरून नजर तीनदा फिरते आणि दुसऱ्या दिवशी ती पाच पानं पुन्हा वाचावी लागतात. रात्रीच वाचणं भाग असेल तर बसून वाचा, दिवा मागून किंवा बाजूने पानावर पडेल असा ठेवा आणि अंथरुणावर जाण्याआधीच वाचन संपवा. त्याहून चांगली वेळ म्हणजे रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला चिकटलेली: मुलांना शिकवणीला सोडल्यानंतर गाडीत बसून, कार्यालयात काम सुरू होण्याआधी, किंवा घर जागं व्हायच्या आधी. 'रात्री साडेनऊला' असं घड्याळ धरून ठरवलेलं वाचन जेवणं लांबली की बुडतं. 'मुलं झोपली की लगेच' असं ठरवलेलं वाचन उशिरा का होईना, होतं.

घरातल्यांना हे स्पष्ट सांगावं लागतं. 'मला जरा वाचायचंय' याला घरात काही किंमत नसते, कारण 'जरा' म्हणजे किती हे कुणालाच कळत नाही. 'वीस मिनिटं मी वाचतोय, तोवर मुलांकडे तू बघ, मग मी येतो' हे कळतं. आणि वीस मिनिटं झाली की खरंच उठायचं. प्रकरण रंगात आलं म्हणून पाऊण तास बसलं की पुढच्या वेळी ती वीस मिनिटं मागायची सोय राहत नाही. बदल्यात जोडीदारालाही त्याच्या आवडीसाठी तेवढाच बिनधोक वेळ द्यायचा. हा व्यवहार चोख असला तरच वर्षभर टिकतो.

मुलं वाचती झालेली असतील तर आठवड्यातून दोन-तीनदा सगळ्यांनी एकत्र बसून आपापलं वाचायचं. पंधरा मिनिटं पुरतात. या वेळेत मी अवघड पुस्तक घेत नाही, कारण मधेच 'या शब्दाचा अर्थ काय' असं विचारलं जाणार आणि ते विचारलं जायलाच हवं.

सगळ्यात जास्त फायदा होतो तो वाचन कुठे थांबवतो यातून. प्रकरण संपवून थांबायची सवय आपल्याला असते. प्रकरण संपलं की लेखकाने गाठ मारलेली असते, मनातलं कुतूहलही तिथे शमतं, आणि पुढचं प्रकरण नव्या जागी, नव्या माणसांनी सुरू होतं. म्हणजे परत शिरायला सर्वांत अवघड जागा तीच. त्याऐवजी पुढच्या प्रकरणाचं एक पान वाचून थांबावं, किंवा काहीतरी घडू घातलंय अशा जागी. दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीपासूनच पुस्तकात शिरता येतं.

दुसरं साधन म्हणजे खुणेचा कागद. कोऱ्या पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्यायचा आणि पुस्तक मिटण्याआधी त्यावर पेन्सिलीने एक ओळ लिहायची: पान, कोण, काय होणार आहे. उदाहरणार्थ, '१४२. वकील पत्र घेऊन आलाय, थोरलीला अजून माहीत नाही, धाकटा ते लपवणार.' वैचारिक पुस्तक असेल तर 'लेखकाचं म्हणणं काय, आणि आता कशाचा पुरावा देणार'. वीस सेकंदांचं काम आहे. मागच्या बाजूला पात्रांची नावं आणि नाती येतील तशी लिहीत जावीत. रशियन कादंबऱ्यांची भाषांतरं अनेकांकडून अर्धवट राहतात ती नावांमुळे. एकाच माणसाला नाव, पित्याच्या नावावरून आलेलं नाव, आडनाव आणि घरगुती नाव अशी चार नावं असतात; आठवड्याने पुस्तक उघडलं की ती चार वेगळी माणसं वाटतात. कागदावर ती एका ओळीत आली की प्रश्न मिटला.

लिहिण्याचा कंटाळा येणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती टिकतात हे त्याने मोजलं, आणि विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो, असं दाखवलं. कथा अक्षरगटांपेक्षा जास्त टिकते, पण काल रात्री वाचलेलं आज रात्री पुसट झालेलं असतं, हे प्रत्येक वाचकाला माहीत आहे. ती एक ओळ पुस्तक मिटतानाच लिहायची ती यासाठी.

एका वेळी पुस्तकं किती? माझं उत्तर दोन, आणि दोन्ही वेगळ्या जातीची. वीस मिनिटांच्या बैठकीसाठी कादंबरी किंवा सलग युक्तिवादाचं पुस्तक. फटींसाठी, म्हणजे रांगेत, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाबाहेर, अशा ठिकाणी तुकड्यांत पुरं होणारं काहीतरी: ललित लेख, पत्रसंग्रह, कविता, छोट्या कथा. फटींचं पुस्तक पातळ आणि हलकं असावं, एका हाताने धरता यावं, आणि ते घरात न ठेवता पिशवीतच ठेवावं. घरून निघताना आठवणीने घ्यायचं म्हटलं की ते निम्म्या वेळा राहतं. दोन कादंबऱ्या एकदम सुरू केल्या की एकीतला मामा दुसरीत दिसायला लागतो. तीन पुस्तकं चालू असली की त्यातलं एक नेहमीच बंद पडलेलं असतं, आणि ते रोज डोळ्यांसमोर राहून टोचत असतं.

फोनवर वाचणार असाल तर वाचायच्या आधी फोन विमान मोडवर टाकायचा. सूचना न उघडता नुसती दिसली तरी धागा तुटतो. पुस्तकं आधीच उतरवून ठेवलेली असावीत. स्वामित्वहक्क संपलेलं बरंच जुनं मराठी साहित्य विकिस्रोत या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतं. फटींसाठी तिथले छोटे लेख चांगले.

ऐकायची पुस्तकं मोजावीत असं माझं मत आहे. हात कामात आणि डोकं मोकळं, असा वेळ घरात भरपूर असतो: भांडी, इस्त्री, कपड्यांच्या घड्या, चालणं. निवेदक मिनिटाला साधारण १५० शब्द वाचतो असं धरलं आणि छापील पानावर ३०० शब्द धरले, तर एक तास म्हणजे ३० पानं. दहा तासांचं पुस्तक सव्वापट वेगाने आठ तासांत होतं आणि कानाला ते खटकत नाही. दीडपटीला कथेतले विराम मरतात, म्हणून कादंबरीसाठी मी तो टाळतो. आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, एका माणसाच्या आवाजात सांगितलेल्या गोष्टी कानाला उत्तम बसतात. आकडे, नकाशे किंवा घट्ट युक्तिवाद असलेलं पुस्तक ऐकताना हातातून निसटतं, कारण मान वर करून विचार करायला आवाज थांबत नाही.

खंड पडणारच. पडला की दोन चुकीच्या गोष्टी कराव्याशा वाटतात. पहिली म्हणजे थकलेली पानं एका रात्रीत भरून काढणं. साठ पानं मागे आहोत म्हणून जागून वाचलं की दुसरा दिवस वाया जातो, वाचलेलं लक्षात राहत नाही आणि पुस्तकाबद्दल मनात अढी बसते. थकबाकी सोडून द्यायची. शून्य धरलेले आठवडे त्यासाठीच आहेत. दुसरी म्हणजे थेट सोडल्या पानावरून सुरू करणं. चार-पाच दिवसांचा खंड असेल तर खुणेची ओळ पुरते. आठवड्यावर गेला तर चालू प्रकरणाच्या सुरुवातीला जा. महिना झाला असेल तर झालेल्या प्रत्येक प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा, एका बैठकीत सगळं परत उभं राहतं. ती पुन्हा वाचलेली पानं मी मोजत नाही.

पुस्तक सोडायचं कधी? अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा ५० पानांचा नियम प्रसिद्ध आहे: पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पुस्तकाला ५० पानं द्यावीत, त्यापुढच्याने १०० मधून वय वजा करून जे उरेल तेवढी. नियम चांगला आहे, पण तुकड्यांत वाचणाऱ्याने तो जरा सांभाळून वापरावा. रोज आठ पानं वाचून ५० पानं गाठली की ती आठवडाभर ताणली गेलेली असतात आणि चांगलं पुस्तकही रटाळ वाटू शकतं. निकाल देण्याआधी सुट्टीच्या दिवशी एक सलग तास त्या पुस्तकाला द्या. त्यानंतरही पुढे जावंसं वाटलं नाही तर बिनदिक्कत ठेवून द्या, आणि वाचलेली पानं हिशोबात धरा.

संकल्प खरं तर पुस्तकाच्या मधे मोडत नाही, दोन पुस्तकांच्या मधे मोडतो. एक संपतं, पुढे काय घ्यावं हे ठरत नाही, 'बघू शनिवारी' म्हणता म्हणता तीन आठवडे जातात. म्हणून चालू पुस्तकाची शेवटची ३० पानं उरली की पुढचं हातात आलेलं हवं, आणि त्याची पहिली पाच पानं जुनं संपायच्या आत वाचून झालेली हवीत. ग्रंथालयातून आणत असाल तर मुदत बघा: ३०० पानांच्या पुस्तकाला रोज १२ पानं आणि आठवड्याचे पाच दिवस या गतीने पाच आठवडे लागतात. मुदत पंधरवड्याची असेल तर नूतनीकरण किती वेळा होतं ते आधीच विचारून घ्या, नाहीतर नेमकं रंगात आलेलं पुस्तक परत करावं लागतं.

नोंदीला साधी वही पुरे. तारीख, पुस्तक, कुठून, कुठवर. बेरीज महिन्यातून एकदाच, रोज नाही. तीन महिन्यांनी एकदा वही बघून आकडा खाली किंवा वर सरकवायचा. मला रोजची पानं घटलेली दिसली तर मी आधी वेळ तपासतो आणि मग पुस्तक, कारण बहुतेकदा मुलांचं वेळापत्रक बदललेलं असतं आणि वाचनाची फट दुसरीकडे सरकलेली असते. वर्ष संपताना पुस्तक अर्धवट असेल तर ३१ डिसेंबरला जिथे खूण आहे तिथवरची पानं या वर्षात धरायची, उरलेली पुढच्या.