गल्लीतलं थाई, आपल्याला परवडणारं – आमची वाटचाल

कोथरूडमधे आमचं सहा टेबलांचं थाई हॉटेल आहे, २०१८ पासून चालू आहे, आणि एवढ्या भावात तुम्हाला परवडतं कसं हे इतके जण विचारतात की म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

मी आधी बँकॉकला एका मोठ्या हॉटेलच्या किचनमधे होतो. ड्यूटी संपली की आम्ही कामगार मंडळी 'खाव केंग'च्या दुकानात जेवायचो. काचेमागं सकाळीच करून ठेवलेल्या रश्श्यांचे, भाज्यांचे ट्रे, आपण बोट दाखवायचं, ताटलीत भात आणि वर दोन रस्से, झालं जेवण. बाईक टॅक्सीवाले, ऑफिसवाले, शाळेची पोरं सगळे तिथंच. टेबलावर साखर, मिरचीपूड, मिरच्या घातलेलं व्हिनेगर आणि फिश सॉस, आपल्या जिभेप्रमाणे जो तो घालून घेणार. पुण्यात परत आलो तर थाई म्हणजे मंद दिवे आणि दोघांचं दोन हजारांचं बिल. मला ते पटलंच नाही, कारण हे मुळात रोजचं साधं जेवण आहे. पॅड थाई म्हणजे परतलेल्या राइस नूडल्स, त्यासुद्धा फिबुनसोंगखराम थायलंडचे पंतप्रधान होते त्या काळात, १९४० च्या आसपास, तिथल्या सरकारनेच हातगाड्यांवरून लोकांमधे रुजवल्या, मग त्या आपल्याकडंच एवढ्या भारी कशा काय झाल्या?

बायको म्हणाली की सामान परदेशातून आणायचं असेल तर स्वस्त होणारच नाही, आणि तिचं बरोबर होतं. म्हणून आम्ही दोघांनी यादी घेऊन आधी बाजार पालथा घातला. गवती चहा तर आपल्या दारात असतो, फक्त आपण पात चहात टाकतो आणि तिकडं खालचा पांढरा दांडा वाटणात जातो. चिंच आपली. पाम शुगरऐवजी गोव्याचा माडाचा गूळ वापरतो, मला तर तोच जास्त आवडतो. थाई बेसिल म्हणजे सब्जाचंच भावंड. कच्ची पपई कुठंही मिळते. गलांगल, म्हणजे आल्यासारखा एक कंद, मात्र ताजंच लागतं, काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेलं कोलिंजन मिळतं पण त्याचा इथं उपयोग नाही, आणि आलं घालून ती चव येत नाही म्हणजे नाहीच. ते आणि काफिर लिंबाची पानं एका शेतकऱ्याकडून घेतो, पानं फ्रीजरमधे चांगली टिकतात. बाहेरून येतं ते फिश सॉस, राइस नूडल्स आणि थोडंफार सटरफटर.

आणि कोथिंबिरीची मुळं! ग्रीन करीच्या पेस्टमधे ती लागतातच, आणि आपल्याकडं ती कचऱ्यात जातात. भाजीवाल्या मावशींना पहिल्यांदा म्हटलं, "मावशी, मुळं तोडू नका, मला तीच हवीत," तर त्या म्हणाल्या, "आरं, मग काडी तरी कशाला नेतोस?" आता त्या दुसऱ्या गिऱ्हाइकांची तोडलेली मुळंसुद्धा पिशवीत घालून ठेवतात, त्याचे पैसे घेत नाहीत.

पेस्ट रोज दगडी खलात कुटतो. मिक्सरला पाणी घालावं लागतं आणि पाणी पडलं की पेस्ट परतली जात नाही, नुसती शिजते. नारळाचं दूधही घरीच काढतो, पहिलं घट्ट दूध कढईत तेल सुटेपर्यंत आटवायचं आणि त्यातच पेस्ट परतायची, डब्यातल्या बऱ्याच दुधांना ते तेल सुटत नाही कारण ते फुटू नये म्हणून त्यात काहीबाही घातलेलं असतं. हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. २०२५ ला नारळ एवढा महागला की हिशोबच कोलमडला, तेव्हा ताटामागं वीस रुपये वाढवले आणि का वाढवले ते दारावर लिहून लावलं. दूध पातळ करणं आम्हाला मान्य नव्हतं.

तुळशीचा विषय जरा वेगळा आहे. फाट क्राफाव म्हणजे मिरची-लसणावर पानं घालून परतलेला पदार्थ, त्यात तिकडं जी पानं पडतात ती तुळसच, चिकन-पोर्कबरोबर सर्रास. आम्ही चिकनमधे बेसिल घालतो आणि तुळस फक्त टोफू-मशरूमच्या क्राफावमधे. कुणी म्हणेल हे अस्सल नाही, पण आमच्याच घरात वृंदावन आहे आणि मला ते जमणार नाही. शाकाहारी पेस्टमधे कोळंबीची पेस्ट नसते, कढई वेगळी, फिश सॉसच्या जागी सोया सॉस आणि मीठ. जैन करी मात्र आम्ही करत नाही, लसूण आणि छोटे कांदे काढले तर ती करीच राहत नाही, त्यापेक्षा बिनलसणाचं सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड, मस्त करून देतो.

२०२० ला सगळं बंद पडलं. आमचा कुक दार्जिलिंगचा, तो गावी अडकला, भाडं चालूच. तेव्हा आजूबाजूच्या सोसायट्यांनी पेस्टच्या बरण्या घेऊन आम्हाला जगवलं, काकू लोकांना फोनवर करी शिकवली, आणि त्यातल्या बऱ्याच घरची मंडळी आज शुक्रवारी रात्री टेबल धरून बसतात. कुक परत आला, आता तो भागीदार आहे. डिलिव्हरी ॲपवर आम्ही थोडे दिवस होतो, कमिशन कापून गेल्यावर हाच भाव ठेवणं शक्य नव्हतं म्हणून बाहेर पडलो, आता जवळपास आमचा पोऱ्या सायकलवरून पोचवतो.

दुपारी खाव केंगचं ताट १६० रुपयांना, दोन रस्से आणि भात, भात मावळचा इंद्रायणी कारण जास्मिन राइससारखाच वासाचा आणि किंचित चिकट होतो. रोजच्या दुपारी हॉस्टेलची पोरं आणि बँकेतली मंडळी जास्त असतात. पुढच्या महिन्यापासून रविवारी मस्समन करी सुरू करतोय, बटाटा, शेंगदाणे, दालचिनी, वेलची घातलेली, मटण त्यात तास-दोन तास मंद शिजवावं लागतं, म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत किती जण ते सांगून ठेवा.