पंखेवाला हसतो तेव्हा

सोमवार

'येस मिनिस्टर', मंत्री आणि त्याचा सचिव यांच्यातल्या कुरघोडीची ब्रिटिश विनोदी मालिका, बीबीसीवर सुरू झाली 1980 साली. दूरदर्शनवर मी ती पाहिली तेव्हा कॉलेजात होते आणि निम्मी डोक्यावरून गेली होती. इंग्रजी कळत होतं, सचिव सर हम्फ्रीची वाक्यं कळत नव्हती. ती कळायला सरकारी नोकरी करावी लागली.

लेक सुट्टीवर आली आहे आणि पाऊस बाहेर पडू देत नाही, म्हणून आज तिच्याबरोबर पुन्हा लावली. पहिली दहा मिनिटं ती त्या हशावरच अडली. "आई, मागे कोण हसतंय? आणि एवढं कशाला?" तिला वाटलं, डब्यातलं, म्हणजे आधीच टेप करून मागाहून जोडलेलं हसू आहे. तसं नाही. त्या काळात बीबीसी स्टुडिओत खरी माणसं समोर बसवून मालिका चित्रित करायची. नट त्यांच्या हशासाठी थांबतात, मग पुढचं वाक्य टाकतात, नाटकात थांबतात तसे. हे सांगितल्यावर तिला ते थांबणं दिसायला लागलं आणि हशाचा त्रास कमी झाला.

मग तो रुग्ण नसलेल्या हॉस्पिटलचा भाग आला. पाचशे कारकून-अधिकारी, रुग्ण एकही नाही, आणि स्वच्छतेचं पारितोषिक मिळालेलं. रुग्णच नाहीत तर घाण करणार कोण! ही लोळून हसली. मी जरा बेतानं हसले, कारण आपल्याकडचा उलटा प्रकार मी जवळून पाहिला आहे: इमारत उभी, फीत कापून झालेली, खाटा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या आणि पदनिर्मितीची फाइल कुठल्या तरी टेबलावर 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन पडलेली. त्या दोन शब्दांत महिने जिरतात. सर हम्फ्रीला त्यासाठी दीड पानाचं वाक्य लागतं, एवढाच फरक.

मंत्री जिम हॅकरचं घर, ते पडदे, ते टेलिफोन, सगळं जुनाट झालंय. फाइलीवरचा डाव मात्र तसाच चालतो. अँटनी जे आणि जोनाथन लिन या लेखकांनी आतल्या माणसांकडून बारीकसारीक माहिती काढून लिहिलं होतं, ते जाणवतं. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंना ही मालिका इतकी आवडायची की 1984मध्ये त्यांनी स्वतः तिचा एक छोटा प्रवेश करून दाखवला. आपण थट्टेचा विषय आहोत हे बाईंना कळलं होतं की नाही, कोण जाणे. मला वाटतं, त्यांच्या मते थट्टा दुसऱ्यांची होती.

2001मध्ये स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आली होती. फारूख शेख मंत्री. गोड माणूस, कामही छान, तरी ती मालिका मला कधी भिडली नाही. आज लेकीला कारण सांगताना मलाच ते कळलं. मूळ मालिकेचा सगळा खेळ मंत्री येतो-जातो आणि सचिव जागेवरच राहतो यावर उभा आहे. आपला मंत्री सचिवाला घाबरत बसत नाही, त्याची बदली करतो.

मंगळवार

'येस मिनिस्टर'मध्ये बायका कुठे आहेत, हा लेकीचा प्रश्न. रास्त आहे. हॅकरची बायको आहे आणि अधूनमधून कोणी येऊन जातं, बास. पण तोच प्रश्न घेतलेला 1982चा एक भाग आहे, तो मुद्दाम लावला. हॅकरला एका हुशार अधिकारी बाईला वरच्या पदावर चढवायचं असतं, स्त्रियांसाठी काहीतरी केल्याचं दिसावं म्हणून. सगळी लढाई झाल्यावर बाई सांगते, मी चालले, बँकेत संचालक म्हणून. तुमच्या कोट्यातली शोभेची बाई व्हायचं नाही मला.

लेक म्हणाली, म्हणजे शेवटी आरक्षणाविरुद्धच बोलला ना भाग? मी म्हटलं, तसंही पाहता येईल. मला मात्र बाई खोलीतून निघून जाते तेव्हाचे त्या सगळ्या पुरुषांचे चेहरे आवडतात. आम्ही अर्धा तास भांडलो. चहा गार झाला.

बुधवार

'फॉल्टी टॉवर्स', एका हॉटेलात घडणारी ब्रिटिश विनोदी मालिका. एकूण भाग फक्त बारा, सहा 1975चे आणि सहा 1979चे. आपल्याकडे बारा भागांत सासूची एंट्रीसुद्धा होत नाही.

त्यातल्या मुख्य नटाला, जॉन क्लीझला, हे हॉटेल सुचलं ते इंग्लंडातल्या टॉर्की गावात. चित्रीकरणासाठी मंडळी तिथे उतरली होती आणि हॉटेलचा मालक कमालीचा तुसडा निघाला. क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी मिळून त्यावर हे लिहिलं. मालिकेतला हॉटेलमालक बेसिल फॉल्टी, त्याला लॉर्डांच्या पंक्तीत बसायचंय आणि नशिबी आहे गिऱ्हाइकाला अंडी नेऊन देणं. तो जितका वर बघतो तितका खाली पाय घसरतो. लेकीला हे एका मिनिटात कळलं. वर बघत चालणारी माणसं काही फक्त टॉर्कीतच नसतात.

पण वेटर मॅन्युएलला बेसिल टपली मारतो, तेव्हा ती हसेना. "नोकराला मारणं यात काय विनोद?" मी तिला अँड्र्यू सॅक्सची गोष्ट सांगितली. स्पॅनिश वेटर झालेला हा नट जन्मला बर्लिनला, वडील ज्यू, आणि 1938मध्ये कुटुंब नाझींपासून पळून इंग्लंडला आलं. जर्मन पाहुण्यांचा तो प्रसिद्ध भाग आहे ना, त्यातही तो आहेच. स्वयंपाकघरात आग लागते त्या प्रसंगात त्याला खरोखर भाजलं होतं. लेक म्हणाली, ही माहिती ऐकून मला टपली जास्तच लागते. मला वाटलं होतं उलट होईल.

जर्मन पाहुण्यांच्या याच भागात हॉटेलात राहणारा म्हातारा मेजर भारतीय आणि वेस्ट इंडियन क्रिकेटपटूंबद्दल घाणेरडे शब्द वापरतो. त्यावरून 2020च्या जूनमध्ये एका वाहिनीने हा भाग काढून टाकला, ओरड झाली, आणि सूचना जोडून परत ठेवला. क्लीझचं म्हणणं असं की हसतो आपण मेजरला, त्याच्याबरोबर नाही. त्याचा हेतू तो होता हे मला मान्य आहे. पण हेतू प्रेक्षकाच्या घरापर्यंत पोचतोच असं नाही. 'टिल डेथ अस डू पार्ट' या ब्रिटिश मालिकेतला आल्फ गार्नेट हा द्वेष्ट्या माणसाची टर उडवायला लिहिलेला होता, आणि कित्येक घरांत 'अगदी बरोबर बोलतोय!' म्हणून ऐकला गेला.

शुक्रवार

आता आमच्या घरचीच मालिका. 'इट एन्ट हाफ हॉट मम', ब्रिटिश फौजेच्या करमणूक पथकावरची, 1974 ते 1981. जागा: देवळाली कँप, साल 1945. माझं बालपण गेलं ते गाव!

अर्थात पडद्यावर देवळाली नाहीच. सगळं चित्रीकरण इंग्लंडात, वाळूच्या खाणीत आणि झाडोऱ्यात. लेक सारखी विचारत होती, हे कुठे आहे, ते कुठे आहे. काहीच कुठे नाही. ना लॅम रोडची झाडं, ना ते जुने बंगले. पण जिमी पेरी हा एक लेखक स्वतः त्या कँपात होता, तोफखान्याच्या करमणूक पथकात. युद्ध संपत आलेलं, बोटीची वाट बघत पडलेली पोरं, बायकांची सोंगं घेऊन गाणी म्हणणारी, आणि 'यांना मी मर्द करून दाखवतो' म्हणून बोंबलणारा सार्जंट मेजर. ही पोरं आजही जिवंत वाटतात. त्यांच्यातला प्रत्येकजण वेगळा कंटाळतो.

आणि आपली माणसं? रंगी राम हा बेअरर, सायबापेक्षा जास्त साहेब, 'आम्ही ब्रिटिश' म्हणणारा. काम करणारा मायकेल बेट्स गोरा, तोंडाला तपकिरी रंग फासलेला. त्याचा जन्म झाशीचा, उर्दू त्याला येत होती, आणि निर्मात्यांनी नेहमी तोच दाखला दिला. असेल. पण बाजूला चहावाला दिनो शफीक आणि पंखा ओढणारा बाबर भट्टी हे उपखंडातले खरे नट उभे असताना तो रंग आणखीच दिसतो. मधूनच रंगी राम कॅमेऱ्याकडे वळून कुठलीशी 'जुनी हिंदू म्हण' ऐकवतो. लेकीने उशीत तोंड खुपसलं. बीबीसी ही मालिका हल्ली पुन्हा दाखवत नाही. मला नवल वाटत नाही.

तरी मी तिला पंखेवाल्याकडे बघायला लावलं. बाहेर भिंतीला टेकून बसलेला, पायाला दोरी, दिवसभर ओढतोय. आत सायबांचा सगळा फार्स चाललेला. हा आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटतो आणि मग इंग्रजीत एकच वाक्य टाकतो, वर्मावर बसणारं. लेखकांनी त्याला ते वाक्य कशासाठी दिलं मला माहीत नाही, बहुधा टाळी घेण्यासाठीच. पण सगळ्या कँपात डोकं ठिकाणावर असलेला तो एकटाच दिसतो.

माझे आजोबा याच कँपात शिंपी होते. गणवेश आखूड कर, पट्टी सोड, बटणं लाव. ते वारले तेव्हा मी नववी-दहावीत असेन. संध्याकाळी पत्ते खेळताना ते सायबांच्या नकला करायचे. एक कॅप्टन म्हणे दर महिन्याला जाड व्हायचा आणि दर महिन्याला म्हणायचा, कपडा आटला. आजोबा छाती फुगवून, पोट आत ओढून, मोडक्या इंग्रजीत तो कॅप्टन करायचे आणि आजी पदर तोंडाला लावून हसायची. म्हणजे दोन्हीकडून टिंगल चालली होती. पेरीकडे पुढे बीबीसी आली, आजोबांकडे ओसरी होती.

म्हणून मला राग येत नाही तेवढा, जेवढा लेकीला येतो. माझी तक्रार वेगळी आहे. पेरीने आपल्या सोबत्यांना जवळून पाहिलं होतं, म्हणून ते टिकले. चहा आणणाऱ्याकडे, पंखा ओढणाऱ्याकडे तेवढं पाहिलं नव्हतं, म्हणून एकाच चौकटीत अर्धी माणसं ताजी आणि अर्धी पुठ्ठ्याची. शेवटच्या श्रेयनामावलीत चहावाला 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे ब्रिटिश साम्राज्याचं गौरवगीत गायला लागतो आणि सार्जंट मेजर त्याच्यावर खेकसून ते बंद पाडतो. तिथे दोघीही हसलो. ते गाणं त्या माणसाच्या तोंडून 1945मध्ये, दोन वर्षांत साम्राज्य आवरायचं असताना. तेवढा विनोद मात्र कुठल्याही वर्षी चालेल.

बंदी घालू नये, असं माझं मत. आहे तशी दाखवावी, साल ठळक लिहून. लेकीचं मत: दाखवा, पण मला बोलावू नका.

रविवार

आज तिची पाळी होती निवडायची. तिने 'द ऑफिस' लावली, मूळ ब्रिटिश, 2001ची. हशा नाही, स्टुडिओ नाही, कागदाची कंपनी, आणि डेव्हिड ब्रेंट नावाचा साहेब, जो स्वतःला फार विनोदी समजतो आणि हाताखालच्यांना हसायलाच लावतो.

मी वीस मिनिटांत बंद करायला लावली. लेक म्हणाली, काय गं, यात तर आक्षेपार्ह काही नाही, जुनंही नाही. नाही ना. अशाच एका साहेबाच्या हाताखाली मी चार वर्षं काढली आहेत. त्याचे विनोद अजून पाठ आहेत मला. "एक तरी सांग ना," म्हणून ती मागे लागली, तर मी उठून कुकर लावला.