सोयाबीनच्या गाठी कापून बघितल्या (खरीप अपडेट)

तर मंडळी, सोयाबीन फुलावर आलंय, मुळांवरच्या गाठी (यातले जिवाणू हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, झाडाला देतात) बघायची हीच खरी वेळ, आणि पावसानं जरा उघडीप दिली तसा खुरपं, बादली अन् ब्लेड घेऊन शेतात गेलो.

नवीन लोकांसाठी सांगतो, शेत लातूर जिल्ह्यात औशाकडं, दादा करतो, मी नोकरीवाला, मला बांधाकडचे दोन तुकडे प्रयोगाला मिळालेत. एका तुकड्यात वर्षानुवर्षं सोयाबीनच, दुसरा विहिरीजवळचा, तिथं कायम ऊस, सोयाबीन पहिल्यांदाच. दोन्हीकडं परभणी कृषी विद्यापीठाचं एमएयूएस 612 वाण, अर्धं बियाणं रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) अन् पीएसबी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस मोकळा करणारे जिवाणू) लावून, अर्धं तसंच कोरडं.

झाड उपटू नका हां. आपल्या काळ्या चिकट मातीत उपटलं की गाठी मातीतच राहतात अन् आपण म्हणतो कल्चर (बियाण्याला लावलेले जिवाणू) फेल. ढेकळासकट काढायचं, बादलीत भिजू द्यायचं, मग हलक्या हातानं धुवायचं.

जुन्या सोयाबीनच्या तुकड्यात काहीच फरक नाही! कोरड्या बियाण्याच्या झाडालापण गाठी भरपूर, कापल्या तर आतून गुलाबी. म्हणजे जिवाणू मातीत आधीच मुक्कामाला आहेत. दादा म्हणला, "मग त्या पाकिटाचं काय केलं रे?" म्हणलं चल विहिरीकडं. तिथं कोरड्या ओळीला गाठी शोधाव्या लागल्या, ज्या सापडल्या त्या बारक्या अन् आतून पांढरट, आणि कल्चरच्या ओळीला सोटमुळाच्या वरच्या भागातच टपोऱ्या गाठी, कापलं की लालसर गुलाबी. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, गाठ चालू असल्याची खूण. पांढरी किंवा हिरवी निघाली तर ती हवेतला नत्र बांधत नाही, म्हणून नुसत्या गाठी मोजून फोटो टाकणाऱ्यांनो, ब्लेड वापरा.

दादानं मधेच युरिया टाकू का विचारलं, कारण विहिरीकडची काही पानं पिवळी. थांबवलं. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानावर होता, शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता, चुनखडी अन् पाणी साचलं की आपल्याकडं हे होतंच. नत्र कमी पडला असता तर आधी खालची जुनी पानं पिवळी झाली असती. आणि वरून युरिया जास्त दिला की झाड आयता नत्र घेतं, गाठी करायचा त्रास कशाला घेईल.

पाकिटाबद्दल दोन शब्द. दुकानात "रायझोबियम द्या" एवढंच म्हणू नका, पीक वाचा. सोयाबीनचा जिवाणू ब्रेडीरायझोबियम, हरभऱ्याचा वेगळा, एकाचं पाकीट दुसऱ्याला चालत नाही. एक्स्पायरी बघा, अन् पाकीट कुठं ठेवलं होतं तेही विचारा, कारण नियमानं पावडरमधे ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत जिवाणू लागतात, पण मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात पडलेल्या पाकिटात किती उरले असतील ते तुम्हीच ठरवा. लावायचं प्रमाण 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गार केलेल्या गुळाच्या पाण्यात, सावलीत सुकवून लगेच पेरणी. बुरशीनाशक आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

पीएसबीचं मात्र मला काहीच दिसलं नाही. ते जिवाणू सेंद्रिय आम्ल सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात हे खरं, पण आपल्या मातीतला चुना ते आम्ल मारून टाकतो असा माझा अंदाज. आता रब्बीत हरभऱ्याला पीएसबी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत देणार आहे, अन् शेजारी नुसत्या शेणखताची ओळ ठेवणार, नाहीतर श्रेय कुणाचं ते कळणार नाही. कुणी असं केलेलं असेल तर माती परीक्षणातला चुना अन् सामू (पीएच) दोन्ही लिहा, नुसतं "लई भारी रिझल्ट" लिहून उपयोग नाही.